बहिणीच्या लग्नासाठी रस्टिक केक: सजावट काय करावी, काय टाळावी?

लोणीसाखर

नमस्कार मंडळी. धाकट्या बहिणीचं लग्न पाच आठवड्यांवर आलंय आणि केक ताईच करणार असं तिने सगळ्यांना सांगूनही टाकलंय. सत्तरेक माणसं, झाडांखाली मांडलेली टेबलं, दुपार उलटल्यावरची वेळ. तिला रस्टिक, म्हणजे गावाकडच्या साधेपणाचा केक हवाय. फाँडंट (साखरेचं गुळगुळीत आवरण) नको, चकाकणारं काही नको. "घरी केल्यासारखा दिसू दे, पण लग्नातला वाटू दे," एवढंच तिचं म्हणणं.

तिने फोटो पाठवलेत. कडेने स्पंज दिसणारे केक, खाली झाडाच्या खोडाची चकती, भोवती गोणपाटाची पट्टी, वर जिप्सोफिला (बारीक पांढरी फुलं), निलगिरीची पानं, पाइन कोन. प्रत्येक फोटो सुंदर आहे, पण हे सगळं एका केकवर चढवलं तर केक कुठे दिसणार हेच कळेना.

वाढदिवसाचे एकमजली केक मी पुष्कळ केलेत, दुमजली दोनदाच. डोक्यात १०, ८ आणि ६ इंचांचे तीन टियर, म्हणजे मजले आहेत. ज्यांनी असे केक केलेत त्यांनी मोकळेपणाने सांगा: काय ठेवू, काय गाळू, आणि उघड्यावर काय टिकतं?

भट्टीवाली

लोणीसाखर, बहिणीचं अभिनंदन सांग. सजावटीच्या आधी मी स्पंजबद्दल लिहिते, कारण या प्रकारात स्पंज हीच अर्धी सजावट असते. एरवी चुका आयसिंगखाली जातात. इथे कडा उघड्या, म्हणजे थर वाकडा कापला की तो समोरच्या खुर्चीवरूनही दिसतो.

यात दोन प्रकार आहेत. नेकेड केकला कडेने काहीच लावत नाहीत. सेमी-नेकेडला बटरक्रीमचा, म्हणजे लोणी-साखरेच्या क्रीमचा पातळ हात देऊन तो खरवडतात, म्हणजे स्पंज मधूनमधून डोकावतो. उघड्यावर ठेवायचा असेल तर सेमी-नेकेडच कर. पूर्ण उघडा स्पंज वाऱ्यावर तासाभरात कडेने कोरडा पडायला लागतो.

स्पंज १६० अंशांवर, थोडा जास्त वेळ भाज. टिनच्या बाहेरून ओल्या कापडाची पट्टी गुंडाळ, म्हणजे कडा आधी भाजून काळपट होत नाहीत आणि मध्ये घुमटही कमी येतो. तरीही कडेला गडद पापुद्रा आलाच तर धारदार सुरीने तो तासून काढ. खरवडलेल्या बटरक्रीममधून तपकिरी पट्टे फार ठळक दिसतात. प्रत्येक थराला पाक लाव, साखर आणि पाणी समप्रमाणात उकळून गार केलेला. ब्रश कडेनेही फिरव.

खरवडण्याची वेळ महत्त्वाची. थर रचून झाले की केक अर्धा तास फ्रिजमध्ये घट्ट होऊ दे. मग बटरक्रीम सगळीकडून लाव, स्क्रेपर (क्रीम खरवडायची सपाट पट्टी) काटकोनात टेकव आणि टर्नटेबल (केकखालचं फिरतं ताट) एका दमात फिरव. दोन फेऱ्यांत थांब. तिसऱ्या फेरीला स्पंजचे कण सुटतात आणि बटरक्रीम मळकट दिसायला लागतं. ते मग दुरुस्त होत नाही, पूर्ण झाकावंच लागतं.

एक माहिती म्हणून सांगते. कडेला काहीच न लावलेले केक लोकप्रिय करण्यात क्रिस्टिना टोझी या अमेरिकन पेस्ट्री शेफचा मोठा वाटा आहे. तिचे थर इतके रेखीव दिसतात कारण ती केक रिंगमध्ये ॲसिटेटची (पारदर्शक प्लास्टिकची) पट्टी लावून आत थर रचते आणि अख्खा केक गोठवते. पट्टी नंतर सोलून काढते. त्या साधेपणामागे एवढी तयारी असते.

रानफूल

मी फुलांची कामं करते, त्यामुळे माझा मुद्दा फुलांचा. सगळ्यात आधी: जिप्सोफिला केकवर नको. रस्टिक केकच्या निम्म्या फोटोंत ती असते, म्हणून लोकांना ती निरुपद्रवी वाटते. पण तिच्यात सॅपोनिन नावाची रसायनं असतात. पोटात गेली तर मळमळ होऊ शकते, काहींच्या त्वचेला खाजही सुटते. आणि ती बारीक पांढरी फुलं गळून पांढऱ्या बटरक्रीममध्ये रुतली की चिमट्यानेही सगळी निघत नाहीत.

हायड्रेंजिया, लिली ऑफ द व्हॅली, फॉक्सग्लोव्ह, डॅफोडिल, कण्हेर ही तर विषारीच. ती केकवर नकोत आणि केकला टेकूनही नकोत. "खायची नाहीत, नुसती शोभेला आहेत" असं म्हणून चालत नाही, देठाचा चीक क्रीममध्ये उतरतो.

गुलाब, पॅन्सी, व्हायोला, कॅलेंडुला, नॅस्टर्शियम, लॅव्हेंडर, कॅमोमाइल ही खाण्याजोगी फुलं. पण फुलवाल्याकडचा गुलाब शोभेसाठी वाढवलेला असतो, त्यावर फवारणी झालेली असते. तो खाण्याजोगा धरू नका. खाण्यासाठी म्हणून वाढवलेली फुलं मागवा, किंवा घरच्या कुंडीतली, जिला कधी औषध मारलेलं नाही.

आता लावायची कशी. खाण्याजोगं फूल असलं तरी कापलेला देठ थेट स्पंजमध्ये खुपसू नये. जाड स्ट्रॉचा बोटभर तुकडा घ्या, त्याचं खालचं टोक वितळलेल्या चॉकलेटने बंद करा, सुकलं की केकमध्ये दाबा आणि देठ त्या नळीत ठेवा. केक कापायच्या आधी फूल आणि नळी दोन्ही उपसून काढायची. नळ्या किती लावल्या ते चिठ्ठीवर लिहून केकजवळ ठेवा. कापणारी व्यक्ती बहुतेक वेळा दुसरीच असते.

मांडणीबद्दल माझं ठाम मत: फुलं एका बाजूला, चंद्रकोरीच्या आकारात. वरच्या डाव्या कडेवरून सुरू होऊन टियरच्या सांध्यापाशी संपणारी एक, आणि खाली तिच्यासमोर छोटा झुबका. आधी मोठी तीन फुलं बसवा, मग मधली, मग पानं. केकचा दोन तृतीयांश भाग मोकळा राहिला पाहिजे. इतक्या मेहनतीने खरवडलेली कड झाकून टाकायची नाही.

लोणीसाखर

रानफूल, जिप्सोफिलाबद्दल मला खरंच माहीत नव्हतं. बहिणीचा जीव आहे त्या फुलावर, समजवावं लागेल. निलगिरीचं काय?

रानफूल

निलगिरीची पानं खायची नसतात आणि त्यांचं तेल उग्र असतं. बटरक्रीम बाहेरचा वास पटकन धरतं. खाली टेबलावर ठेव, केकपासून हातभर लांब. केकवर हिरवं हवं असेल तर रोझमेरी, थाइम, पुदिना. रोझमेरीची काडी कापल्यावरही तासन् तास ताठ राहते. पुदिना मात्र लगेच मान टाकतो, तो अगदी शेवटी लाव.

आणि जिप्सोफिला काचेच्या बरण्यांत भरून केकच्या टेबलावर ठेवता येईल की. फोटोत केकसोबतच दिसेल.

निळी_किटली

गोणपाटाबद्दल अनुभवाचं सांगते. मावसबहिणीच्या लग्नात आम्ही केकला गोणपाटाची पट्टी आणि वर लेस बांधली होती. बांधल्याबांधल्या फार देखणी दिसली. दोन तासांनी तागाने बटरक्रीममधला स्निग्धांश ओढून घेतला आणि पट्टीवर गडद ओले डाग उमटले. कापताना पट्टी सोडवली तर तागाचे तंतू क्रीममध्ये चिकटून राहिलेले, केसासारखे. मोठ्या टियरची कड आम्ही चमच्याने खरवडून काढली आणि मगच तुकडे वाढले.

बांधायचंच असेल तर आत बटर पेपरची तेवढ्याच रुंदीची पट्टी हवी आणि कापडाच्या कडा दुमडून शिवलेल्या हव्यात. पण मी आता गोणपाट केकला लावतच नाही. टेबलावर अंथरते. तिथे ते शोभतंही जास्त.

सुतारपक्षी

खोडाच्या चकतीबद्दल विचारलं नाहीस, तरी सांगतो, कारण माझं काम लाकडाचं.

ताजी कापलेली चकती वापरू नका. ओलं लाकूड सुकताना परिघाकडून मध्याकडे चिरतं आणि सुकताना वाकतंही. वाकलेल्या चकतीवर तीन टियर म्हणजे केक कलणारच. पूर्ण सुकलेली, दोन्ही बाजूंनी रंधा मारून समतल केलेली चकती घ्या. स्पिरिट लेव्हल आडवी-उभी दोन्हीकडे ठेवून पाहा. सालीच्या फटींत किडे आणि त्यांची अंडी असतात, म्हणून साल घट्ट ब्रशने झाडून घ्या. सैल असेल तर काढूनच टाका.

१० इंची केकखाली १४ इंचांची चकती हवी, नाहीतर साल दिसतच नाही. तीन टियरचं वजन दहा किलोच्या आसपास जातं, त्यामुळे जाडी दीड-दोन इंच तरी असावी. आणि केक थेट लाकडावर नको. मध्ये केकच्याच मापाचा बोर्ड ठेवा, तो बाहेरून दिसत नाही.

चमचाभर

मी थोडा वेगळा विचार मांडते. रस्टिक म्हणजे स्पंज दिसलाच पाहिजे असं नाही. मला स्वतःला पूर्ण झाकलेला आणि चमच्याच्या पाठीने रेघा ओढलेला केक जास्त आवडतो. उघड्यावर तो जास्त वेळ मऊही राहतो.

बटरक्रीमचा जाडसर हात द्यायचा, साधारण अर्धा सेंटीमीटर. चमच्याची पाठ तळाशी टेकवायची, टर्नटेबल सावकाश फिरवायचं आणि चमचा हळूहळू वर न्यायचा. तळापासून वरपर्यंत एकच सलग वळण तयार होतं. चमचा मध्ये उचललात तर जोड दिसतो, म्हणून आधी रिकाम्या टिनवर बटरक्रीम लावून हात बसवून घ्या. वरची कड सुरीने सपाट करू नका. ती थोडी उंचसखल, वर आलेली राहू द्या, ऊन तिच्यावर पडलं की छान दिसतं.

उन्हाची गोष्ट निघालीच आहे तर: लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळतं, आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडून घसरायला लागतं. केक सावलीत म्हणजे सावली *सरकल्यावरही* सावलीत. लग्नाच्या वेळेलाच आदल्या दिवशी तिथे जाऊन टेबल कुठे मांडायचं ते ठरव. माझा भरवसा स्विस मेरिंग बटरक्रीमवर आहे. अंड्याचा पांढरा भाग आणि साखर गरम पाण्यावर ७१ अंशांपर्यंत तापवून फेटायचं, मग लोणी. रंग जवळजवळ पांढरा येतो, गोडी बेताची आणि चमच्याच्या रेघा तलम उमटतात. ऊन कडक असेल तर मात्र पांढऱ्या चॉकलेटचं घट्ट गनाश (चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण) बरं. तीन भाग चॉकलेट, एक भाग क्रीम.

मोजमाप

आकडे देतो. ४ इंच उंचीच्या गोल केकचे लग्नातले तुकडे, म्हणजे १ बाय २ इंचांचे, काढले तर ६ इंचीचे १२, ८ इंचीचे २४ आणि १० इंचीचे ३८ धरतात. एकूण ७४. सत्तर माणसांना बरोबर पुरतो, दुसऱ्यांदा मागणाऱ्यांना नाही. सोबत एक साधा चौकोनी केक आत तयार ठेवा.

टियर एकावर एक ठेवायचे तर प्रत्येकाखाली स्वतःचा बोर्ड आणि खालच्या टियरमध्ये डावेल (वरचं वजन पेलणाऱ्या आधाराच्या काड्या) हवेत. ८ इंचीखाली पाच-सहा, ६ इंचीखाली चार. पहिला डावेल केकमध्ये घालून मापा, बाहेर काढा आणि बाकीचे *त्याच्याच* मापाने कापा. प्रत्येक वेगळा मापून कापलात तर केकच्या वरच्या पृष्ठभागाची चूक डावेलमध्ये येते आणि वरचा टियर झुकतो.

पण मुळात एकावर एक रचायचेच का? १९ मे २०१८ ला विंडसरला प्रिन्स हॅरी आणि मेगन मार्कल यांचं लग्न झालं, त्याचा केक क्लेअर प्टाक हिने केला होता. लिंबू आणि एल्डरफ्लॉवरचा, स्विस मेरिंग बटरक्रीम, वर ताजी फुलं. तो एकावर एक रचलेला मनोरा नव्हता. केक कमी-जास्त उंचीच्या स्टँडवर वेगवेगळे मांडले होते. दोनच दुमजली केक केलेल्या माणसाने पहिला तिमजली केक नेमका बहिणीच्या लग्नात, तोही उघड्यावर का करावा? तीन चकत्या, तीन उंच्या. डावेल नाहीत, प्रवासात मनोरा हलायची भीती नाही.

भट्टीवाली

मोजमाप यांच्याशी सहमत. सेमी-नेकेडला तर हे फारच शोभेल, प्रत्येक केकची कड पूर्ण दिसेल. फक्त तिन्हींवर तीच सजावट करू नकोस. फुलं एकावर, फळं दुसऱ्यावर, तिसरा जवळजवळ मोकळा.

सायीचा_गोळा

मागे मी बर्च या पांढऱ्या सालीच्या झाडाच्या सालीसारखा दिसणारा केक केला होता, ती कल्पना देते. ॲसिटेटच्या लांब पट्टीवर वितळलेल्या गडद चॉकलेटने बारीक ब्रशने आडव्या तुटक रेषा काढायच्या, काही जाड, काही केसाएवढ्या. सुकल्या की त्यावर पांढरं चॉकलेट पसरायचं. ते अर्धवट घट्ट झालं, म्हणजे बोटाला चिकटत नाही पण वाकतं, की पट्टी गार केकभोवती गुंडाळायची आणि फ्रिजमध्ये ठेवायचं. नंतर ॲसिटेट सोललं की खाली साल. बाजूला वधूवरांच्या नावांची आद्याक्षरं कोरता येतात.

चमचाभर

सायीचा_गोळा, हात सुरेख आहे तुमचा, यात शंकाच नाही. पण इथे खाली खऱ्या लाकडाची चकती आहे. खऱ्या सालीशेजारी चॉकलेटची साल ठेवली की नजर तुलना करत बसते. दोन्हींपैकी एकच ठेवावं असं मला वाटतं.

सायीचा_गोळा

हे पटलं. आमच्याकडे तेव्हा साधं पांढरं स्टँड होतं, म्हणून ते जमून आलं.

तिखटमीठ

फळांबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहिते.

संत्र्याच्या चकत्या चार दिवस आधी करून ठेवता येतात. ३ मिलिमीटर जाड, सगळ्या एकसारख्या, नाहीतर पातळ करपतात आणि जाड ओल्या राहतात. १०० अंशांवर तीन-चार तास, दर तासाला उलटायच्या. झाल्या की उजेडात धरून बघा, फाकींच्या रेषा आरपार दिसतात. हवाबंद डब्यात ठेवा. बटरक्रीमवर लावल्या की ओल शोषून पुन्हा मऊ पडतात, त्यामुळे लग्नाच्या दिवशीच लावायच्या.

अंजीर कापलेलं हवं, तेही मांडायच्या अर्धा तास आधी कापलेलं. कापलेली बाजू बाहेर. बेरी धुऊन कापडावर *पूर्ण* कोरड्या करा. एक ओली रासबेरी पांढऱ्या क्रीमवर गुलाबी ओघळ सोडते आणि तो पुसताना पसरतो.

साखर लावलेली रोझमेरी आणि द्राक्षं मला सगळ्यात प्रिय. पाश्चराइज्ड अंड्याचा पांढरा भाग किंचित फेटून ब्रशने अगदी पातळ लावायचा, वरून बारीक दाणेदार साखर भुरभुरायची आणि रात्रभर जाळीवर सुकू द्यायचं. ही फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर पाणी सुटून साखर विरघळते. हेच केकचंही आहे. गार केक दमट हवेत आणला की त्याला घाम फुटतो, म्हणून आधी तासभर आत ठेवून मग सजवा.

पाइन कोन ही खायची वस्तू नाही. ते केकवर नकोत.

रानफूल

अजून एक, कारण कुणीतरी सोनेरी पूड सुचवेलच. "नॉन-टॉक्सिक" लिहिलेली पूड खाण्याजोगी असेलच असं नाही. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने यावर अहवाल दिला होता. ऱ्होड आयलंडमध्ये वाढदिवसाच्या केकवरची गुलाबी-सोनेरी पूड खाऊन लहान मुलांना उलट्या झाल्या, आणि ती पूड तांब्याची निघाली. डबीवर "खाद्य" असं स्पष्ट लिहिलेलं आणि घटकांची यादी असेल तरच घ्यायची.

लोणीसाखर

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं: तीन चकत्या, तीन केक. १० इंची सेमी-नेकेड, त्यावर फुलांची चंद्रकोर. ८ इंची चमच्याच्या रेघांचा, वर अंजीर आणि साखरेची रोझमेरी. ६ इंची सेमी-नेकेड, त्यावर संत्र्याच्या तीन चकत्या आणि बाकी काही नाही. सुतारपक्षी, चकत्या मिळाल्यात, एक थोडी वाकलीये. ती रंध्याखाली जाईल. पुढच्या रविवारी ६ इंची करून बघते.

लोणीसाखर

(साडेपाच आठवड्यांनी)

लग्न छान झालं. तुम्हाला कळवल्याशिवाय राहवेना.

रंगीत तालमीच्या केकवर मी स्क्रेपर पाच वेळा फिरवला आणि भट्टीवाली म्हणाली तसाच तो मळकट झाला. लग्नाच्या केकला दोन फेऱ्यांनंतर स्क्रेपर सरळ सिंकमध्ये ठेवला. चमच्याचं वळण वरपर्यंत सलग गेलं, फक्त शेवटच्या वेढ्याला जोड आला. तिथे मोठं अंजीर बसवलं. सावली चार वाजता सरकते हे आदल्या दिवशी पाहून ठेवलं होतं, त्यामुळे टेबल दहा पावलं मागे मांडलं आणि क्रीम शेवटपर्यंत हललं नाही.

जिप्सोफिला बरण्यांत भरली. बहिणीने केकपाशी येऊन सगळ्यात आधी त्या बरण्याच पाहिल्या आणि मग बराच वेळ ६ इंचीकडे बघत उभी राहिली. "हा माझा," म्हणाली. तो वेगळा काढून ठेवला.

कापायला मामी उभ्या राहिल्या. त्यांना नळ्यांचं काहीच माहीत नव्हतं. चिठ्ठी उचलून त्यांनी मला हाक मारली. त्यावर सात लिहिलं होतं. आम्ही दोघींनी फुलं उपसली, नळ्या बशीत ठेवल्या, सहा भरल्या. सातवी नॅस्टर्शियमच्या पानाखाली, मागच्या बाजूला होती. ती काढली, बशीत पुन्हा एकदा मोजलं आणि मग मामींनी सुरी लावली.